घाऱ्या डोळ्यांतली कड

“परत चुकलीस,” मी चुलीपुढूनच ओरडले. “भांडं घडवतेस की कुत्रं हाकलतेस?”

बाहेर ओट्यावर वैजू क्षणभर थांबली. मग पुन्हा ठोके सुरू झाले. तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं बारीक चकाकते ठसे उठवायचे, त्याला आम्ही मठार म्हणतो. ते काम बरं चाललंय की नाही हे बघायला तांबट आळीतल्या माणसाला उठून जावं लागत नाही, ऐकलं की कळतं. ठोके एकसारखे पडायला हवेत. तिचे पडत नव्हते. दोन नीट, तिसरा उशिरा, चौथा भलतीकडेच.

मी भाकरी तव्यावर तशीच टाकून बाहेर गेले. घागरीचा गळा पार नासवला होता.

“हात पुढे कर.”

तिनं दोन्ही हात पुढे केले. मनगटातून ते वरखाली फडफडत होते, पाखराला पायाशी धरलं की ते जसं पंख मारतं तसे.

“नखरे बंद कर.”

“आजी, मी... मी नाही करत,” ती म्हणाली. तोंडात गूळ धरून बोलावं तसे शब्द चिकट येत होते. “ते आपोआप होतं.”

मी तिच्या एक ठेवून दिली. सोळा वर्षांची पोर. रडायला हवी होती, तर ती हसायला लागली. हसणं थांबवायला तोंडावर हात दाबत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

कुंदा आतून धावत आली. कुंदा म्हणजे माझी सून, आणि त्याआधी माझी भाची, पाठच्या भावाची, वामनची मुलगी. “आत्या, मारू नका हो तिला. शाळेतल्या बाईंनी वही दाखवली मला. तिचं अक्षर मुंगीएवढं झालंय. तिला काहीतरी होतंय.”

“काही होत नाही. तू लाडावून ठेवलीयस ते होतंय.”

ही चौऱ्याण्णव सालातली भाद्रपदातली गोष्ट. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते आणि आमच्या आळीत माझ्यापुढे कुणी आवाज चढवत नसे. नवरा गेला तेव्हा माझा मुलगा मोरू सात वर्षांचा होता. बायकांनी चिंचेनं भांडी घासायची, हातोडीला हात लावायचा नाही, अशी आळीची रीत. मी दिवसकार्य आटोपल्यावर हातोडी उचलली. पुरुष नाकं मुरडत होते. वर्षभरात त्यांचीच गिऱ्हाइकं “बयोबाईंच्या हातचा हंडा द्या” म्हणत माझ्या ओट्यावर यायला लागली. तिसरी शिकलेली बाई मी, पण माझ्या मठारावर बोट ठेवायची कुणाची छाती नव्हती. मोरूनं घडाई करायची, मठार माझं, असं घर चाललं. पुढे वैजूचा हात मला माझ्यासारखा वाटला म्हणून तिला दहाव्या वर्षीच शिकवायला घेतली.

मोरूला कुंदा मी केली. मामाची मुलगी करायची हे आमच्यात चालतंच, पण त्याला बाहेरची दोन चांगली स्थळं आली होती. मी ऐकलं नाही. मला माझ्या माहेरचं रक्त घरात हवं होतं. माझ्या माहेरचे डोळे घारे, मधासारखे. वामनचे तसे, माझे तसे, कुंदाचे तसे. वैजू जन्मली आणि सुईणीनं म्हटलं, “डोळे आजीचे हो,” तेव्हा मी अख्ख्या आळीत पेढे वाटले. धाकटी पमी पाच वर्षांनी झाली, तिचे काळेच निघाले. तिच्या वेळी पेढे वाटले की नाही, मला आठवत नाही.

दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली. निरांजन हातात घेऊन मी एकेकीला कुंकू लावत होते. वैजूची हनुवटी धरून तोंड वर केलं, उजेड तिच्या डोळ्यांवर पडला, आणि माझा हात तसाच राहिला.

“काय झालं, आत्या?” कुंदानं विचारलं.

“काजळ पसरलंय तिचं,” मी म्हणाले आणि कुंकू लावलं.

आमच्याकडे रात्री तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवायचं आणि पहाटे अनशापोटी तांब्याभर प्यायचं. माझ्या आजेसासूपासूनची पद्धत. तांबं सगळं धुऊन काढतं, रक्तसुद्धा, असं आम्ही मानतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी वैजूला एकाच्या जागी दोन तांबे पाजायला लागले. ती म्हणायची, “आजी, मळमळतं.” मी म्हणायचे, “घाण निघतेय. पी.” ती प्यायची. तिला पेला धरता येईना तेव्हा मी स्वतः तिच्या ओठाला लावायचे. थेंब सांडू द्यायचे नाही.

मार्गशीर्षात ती चालताना पाय ओढायला लागली. मग मोरूनं पहिल्यांदा माझं न ऐकता तिला तालुक्याला डॉक्टरकडे नेलं. मीही गेले. मी नसते तर हा काहीही बोलला असता.

डॉक्टरनं हातपाय बघितले, गुडघ्यावर ठोकलं. मला विचारलं, “आजी, घरात आधी कुणाला असं झालं होतं का? थरथर, बोबडं बोलणं, वेड्यासारखं वागणं? तुमच्या घरात, माहेरी, कुठंही?”

“आमच्या घराण्यात वेडं कुणी नाही,” मी म्हणाले. “तुमच्यात असेल तर विचारा.”

मोरूनं मान खाली घातली. डॉक्टर बिचारा हसला. पोरीचं वय आहे, मनावर काहीतरी घेतलं असेल, म्हणून त्यानं डोकं शांत करायच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी वैजू लाकडासारखी ताठली. जबडा उघडेना. कुंदा तिला चमच्यानं पेज भरवायची, ती हनुवटीवरून ओघळायची. पमी अकरा वर्षांची, ती जवळ बसून फडक्यानं पुसायची. आणि मी पहाटे दोन तांबे पाणी पाजायचे. ते मात्र ती गिळायची. मला दुखवायचं नव्हतं तिला.

आळीत मी सांगितलं, वैजूला वात झालाय. मग एक दिवस शेजारची गोपिकाबाई ओट्यावर बसून म्हणाली, “बयोबाई, कुणी म्हणतं पोरीला बाहेरचं झालंय.”

“तुझ्या जिभेला झालंय बाहेरचं,” मी म्हणाले. “उतरवून घे आधी.”

ती उठून गेली. त्यानंतर कुणी विचारलं नाही. वैजूला मी मागच्या खोलीत हलवली. पुढच्या दारी बसली की येणारा जाणारा बघायचा.

मोरूनं पुन्हा एकदा माझं ऐकलं नाही. चैत्रात गाडी करून त्यानं सगळ्यांनाच पुण्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथली डॉक्टरीण जेमतेम तिशीची. नगरकर नावाची. लांब शेपटा, पायात कोल्हापुरी चपला. मला वाटलं, ही काय बघणार. तिनं वैजूला खिडकीपाशी बसवलं, बॅटरी मारून डोळे बघितले, मग एका यंत्रावर हनुवटी टेकायला लावून पुन्हा बघितले. रक्त घेतलं, दिवसभराची लघवी साठवायला लावली. चार दिवसांनी आम्हाला आत बोलावलं.

“आजी, तुमचा धंदा काय?” तिनं विचारलं.

“तांबट आहोत. हंडे, घागरी, बंब.”

ती खाली बघत हसली. आनंदाचं हसू नव्हतं ते. “तिच्या मेंदूत तांबं साठलंय,” ती म्हणाली.

मोरू उठून उभाच राहिला. “म्हणजे आमच्या कामामुळे? धुरामुळे?”

“नाही, बसा. असं बघा, आपण सगळेच जेवणातून थोडं थोडं तांबं खातो. धान्यात असतं, डाळीत असतं. शरीराला ते चिमूटभर लागतंही. जास्तीचं बाहेर टाकायला यकृतात एक प्रथिन असतं. हमाल समजा. उचलायचं आणि बाहेर नेऊन टाकायचं.”

“मग हमाल संपावर गेला म्हणा की,” मी म्हणाले.

“तिचा हमाल जन्मापासूनच लुळा आहे. तांबं आधी यकृतात साठत गेलं. तिथं मावेना तेव्हा रक्तातून मेंदूत गेलं. हात, जीभ, चालणं सांभाळणारी जागा असते, नेमकं तिथं जाऊन बसलं. डोळ्यांतही उतरलं. तिच्या बुबुळाच्या कडेला सोनेरी तपकिरी कडं आहे, ते तांब्याचं आहे.”

कुंदा रडत नव्हती. तिनं विचारलं, “भांड्यांतलं पाणी?”

“भांड्यांमुळे हा आजार होत नाही. ज्याचं प्रथिन धड आहे त्यानं जन्मभर प्यायलं तरी चालेल. पण जिला हा आजार आहे तिला तांब्याचं पाणी एक थेंबही नको.” तिनं कागद पुढे ओढला. “देत होता?”

कुणी माझ्याकडे बघितलं नाही. त्यापेक्षा बघितलं असतं तर बरं.

“मी देत होते,” मी म्हणाले. “रोज दोन तांबे.”

डॉक्टरणीनं ते कागदावर लिहिलं फक्त. तांबं ओढून लघवीतून काढणाऱ्या गोळ्या आहेत म्हणाली, जन्मभर घ्याव्या लागतील. पण मेंदूचं जे गेलं ते किती परत येईल हे सांगता येत नाही. आठ महिने आधी आली असती तर, म्हणाली, आणि वाक्य तिथंच सोडलं.

मग ती म्हणाली, “आता धाकटीचं. हा आजार आई आणि वडील दोघांकडूनही आला तरच होतो. त्यांना स्वतःला काही होत नाही, पण मुलांना होऊ शकतो. चारात एकाला. धाकटीला आजच तपासू.”

“ती धडधाकट आहे,” मी म्हणाले. “पळते, झाडावर चढते. तिला कशाला सुया टोचायच्या?”

“आजी, दिसायला लागेपर्यंत थांबायचं नसतं यात. आधी कळलं तर मुलगी पूर्ण चांगली राहते.”

“आणि उद्या आळीत कळलं की दोघींच्याही रक्तात खोट आहे, मग? हिला कोण करून घेईल?”

मोरू माझ्याकडे बघत होता. चाळीस वर्षांचा बाप्या, पण लहानपणापासून तसाच, निर्णय माझ्या तोंडावर वाचायचा. “आई म्हणते ते बरोबर आहे,” तो हळूच म्हणाला. “एकीचं बघू आधी. धाकटीचं पुढे बघता येईल.”

“अहो!” कुंदा म्हणाली.

“अगं, आपल्यात कुणाला झालंय का हे आजवर? आईच्या माहेरी नाही, आपल्याकडे नाही. त्यांची यंत्रं काय, चारात एक म्हणतात. झाली ती एक.”

“आमच्याकडे खरंच कुणी नव्हतं?” कुंदानं मला विचारलं. “आत्या, माझे एक काका लहानपणी गेले होते ना? बाबा सांगायचे. दत्तूकाका. तापानं.”

“विषमज्वर,” मी म्हणाले. वामनला हेच सांगितलं होतं. माझा थोरला भाऊ दत्तू गेला तेव्हा वामन तीन वर्षांचा होता. त्याला काय कळणार?

डॉक्टरीण म्हणाली, “तुम्ही बाहेर बसून ठरवा. पण मी सांगते, तपासा.”

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. वैजू चाकांच्या खुर्चीत, मान कलती. पमी तिच्या खुर्चीमागे उभी राहून तिच्या केसांच्या वेण्या घालत होती, सोडत होती, पुन्हा घालत होती. कुंदा मोरूला काहीतरी हळू हळू सांगत होती आणि तो नुसता मान हलवत होता, नाही म्हणून. मग तो माझ्याशेजारी येऊन बसला.

“आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस,” तो म्हणाला. “पाण्याचं कुणाला माहीत होतं? डोळ्यांतली ती कड डॉक्टरला यंत्रानं दिसली. आपल्याला कशी दिसणार?”

किती चांगला मुलगा. मी नुसतं “हो रे बाबा” म्हटलं असतं तरी भागलं असतं. आम्ही वैजूच्या गोळ्या घेऊन घरी आलो असतो, मी डोळ्यांना पदर लावला असता, आणि माझं घर माझं राहिलं असतं.

पमीनं वेणी सोडली, पुन्हा घालायला घेतली. बोटं भराभर चालत होती. मी त्या बोटांकडे बघत राहिले.

“मला दिसली होती,” मी म्हणाले.

“काय?”

“कड. दसऱ्याला. कुंकू लावताना.”

त्याला कळेना. कुंदाला कळलं. ती दोन पावलं पुढे आली.

“आणि ती कशाची हे मला माहीत होतं,” मी म्हणाले. “तांब्याची हे नव्हतं माहीत. पण दत्तूच्या डोळ्यांत तश्शीच होती. तो तापानं गेला नाही. त्याचे हात असेच हलायचे. असाच बोबडा बोलायचा, असाच हसायचा. सतराव्या वर्षी गेला. माझ्या वडिलांनी सगळ्यांना ताप सांगितला. मीही तेच सांगत आले. तुला मागणी घातली तेव्हाही.”

बाकावरचं दुसरं एक कुटुंब आमच्याकडे बघायला लागलं होतं. कुंदा ओरडली नाही. माझी भाची ती, ओरडणं माझं, तिचं नव्हे. “मग पाणी?” तिनं विचारलं.

“कड दिसली म्हणून तर दुप्पट केलं. वाटलं, कुणाला न सांगता धुऊन निघेल.”

ती वळली. पमीचं मनगट धरलं आणि तिला घेऊन सरळ डॉक्टरणीच्या खोलीत गेली. नवऱ्याला विचारलं नाही. मोरू मागोमाग गेला. बाकावर मी आणि वैजू राहिलो. वैजूच्या ओठांच्या कडेला लाळ आली होती. मी पदर पुढे केला. तिनं मान फिरवली की तिची मान आपसूक तिकडे गेली, हे मला आजही माहीत नाही.

पमीला निघालं. तेच, पण साठायला नुकतीच सुरुवात होती. तिला जस्ताच्या गोळ्या दिल्या, जस्त पोटातच तांब्याची वाट अडवतं म्हणे. तांब्यात जस्त घातलं की पितळ होतं, एवढंच मला आजवर ठाऊक होतं. पमीला काही झालं नाही, एकदाही हात हलला नाही.

वैजू गोळ्यांवर दीड वर्ष काढून गेली. यकृत आधीच खलास झालं होतं. मधे एकदा ती पुन्हा उभी राहिली होती, भिंत धरून चार पावलं चालली होती, असं मोरूनं सांगितलं. मी बघितलं नाही. कारण ते सगळे पुण्यालाच राहिले. इस्पितळ जवळ हवं, हे खरंच होतं. मोरूनं एका कारखान्यात पत्र्याचं काम धरलं. वैजूच्या दहाव्याला मी गेले होते. कुंदानं वाढलं, पाणी दिलं, सगळं रीतीनं केलं. फक्त मला आत्या म्हणाली नाही. नंतरही कधी नाही. काहीच म्हणत नाही. माझ्याशी बोलायचं झालं तर “जेवायला वाढलंय,” एवढं भिंतीकडे बघून.

आळीतलं घर मी सोडलं नाही. कुणी सोड म्हटलंही नाही. दोन वर्षांनी हातोडी ठेवली. ऐकायलाच कुणी नसलं की मठार बरं पडतंय की वाईट, समजत नाही. मोरू दिवाळीला येतो, तासभर बसतो, औषधं विचारतो.

गेल्या श्रावणात भर दुपारी दार वाजलं. सत्तावीस वर्षांची बाई उभी, खांद्याला पिशवी. काळे डोळे.

“आजी, मी पमी.”

“कळतंय मला. आंधळी नाही झाले अजून. ये.”

सोळा वर्षांनी आली होती. बँकेत नोकरीला होती, लग्न ठरलं होतं. पुण्याहून एसटीनं एकटी आलेली. “आईला माहीत नाही मी आलेय,” म्हणाली. मी खायला करायला उठले तर म्हणाली, “डबा आणलाय मी, आजी. तुम्ही बसा.” लहानपणी मला अगं तुगं करायची.

पिशवीतून तिनं छापील कागद काढला. “लग्नाआधी आम्ही दोघं डॉक्टरकडे गेलो होतो, पुढच्या मुलांचं विचारायला. त्याला सगळं सांगितलंय मी. त्याचीही तपासणी केली. आता घरातला आजाराचा इतिहास लिहून द्यायचाय. दत्तूआजोबांचं कुणालाच काही माहीत नाही. तुम्हालाच माहीत आहे.”

“लिही,” मी म्हणाले.

पूर्ण नाव विचारलं, सांगितलं. किती वर्षांचे होते, सांगितलं. आधी काय बिघडलं, हात की बोलणं, सांगितलं. ती लिहीत होती. वैजूचं अक्षर आधी असंच होतं, गोल.

“शेवटी कुठे होते? दवाखान्यात?”

“दवाखान्यात कुठला. परसात लाकडं ठेवायची खोली होती. वडिलांनी तिथं ठेवला. आळीत सांगितलं, मामाकडे गेलाय.”

तिचं पेन थांबलं. मग पुन्हा लिहायला लागली. “किती दिवस?”

“एक पावसाळा.”

“त्यांचं बोलणं कळत होतं का कुणाला? म्हणजे, बोलणं पूर्ण गेलं होतं की थोडं कळायचं, असं विचारलंय इथं.”

“घरात कुणाला कळत नव्हतं,” मी म्हणाले. “मला कळायचं. त्याचं ताट घेऊन मी जायचे ना. नऊ वर्षांची होते. दाराखाली फट होती, तिच्यातून ताट सारायचं.”

“काय म्हणायचे?”

तो कागदावरचा प्रश्न नव्हता. तिनं पेन खाली ठेवलं होतं.

“बयो, कडी काढ,” मी म्हणाले. “रोज तेच. बयो, कडी काढ.”

“मग?”

“माझा हात पुरत होता कडीला,” मी म्हणाले.